येशू आणि देव एकच का? रमाबाईंचा वाद

१८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. परका देश, पदरात छोटी मनोरमा, आसरा तिथल्या सिस्टर्सचा. तरी येशू म्हणजेच देव, हे मानायला बाई तयार नव्हत्या. बायबल उघडून त्या सिस्टर्सशीच वाद घालायच्या.

आणि शुभवर्तमानं वाचली की मलाही प्रश्न पडतोच. मार्कमध्ये येशू एकाला अडवतो: मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकटा देव. योहानात तो म्हणतो, मी आणि पिता एक आहोत. चारच अध्याय पुढे म्हणतो, पिता माझ्याहून मोठा. आता बोला!

पुढे त्यांची श्रद्धा बदलली, पक्की झाली. पण वाचणं थांबलं नाही. केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते काम संपवूनच १९२२ मध्ये गेल्या.