बंदूक गेली, भिंत उरली

राजस्थानात भरतपूर शहराला लागून असलेल्या पाणथळ जंगलाला तिथले लोक ‘घना’ म्हणतात. या घन्यात केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, जुने देऊळ आहे. देवळाजवळच्या दगडी पाट्यांवर शिकारींचा हिशेब कोरलेला आहे: तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती. १२ नोव्हेंबर १९३८ च्या ओळीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांचे नाव आहे आणि पुढे आकडा आहे ४,२७३. हे एका दिवसात मारलेले पक्षी.

त्याच दिवशी सालिम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. आज १२ नोव्हेंबर देशभर पक्षीदिन म्हणून पाळतात, तो त्यांच्या जन्मदिवसामुळे. महाराष्ट्रात तर मारुती चितमपल्लींच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून या तारखेपर्यंत पक्षीसप्ताह असतो. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. पण भरतपूरचा इतिहास वाचताना मला तो पुन्हा पुन्हा आठवतो, कारण बंदूकवाला आणि दुर्बीणवाला यांच्यात आपण मानतो तेवढे अंतर नव्हते, हेच ते जंगल सांगते.

मुळात हे जंगल निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही. इथे एक नैसर्गिक सखल भाग होता, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. अठराव्या शतकात जाट राजा सूरजमलच्या काळात अजान बांध बांधला गेला आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पाणी अडवता येऊ लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने छोटे बांध, दरवाजे आणि पाट काढून हे पाणी खेळवले. हेतू स्पष्ट होता: हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके इथे उतरावीत आणि बड्या पाहुण्यांना मनसोक्त शिकार मिळावी. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन इथे शिकारीला आले, आणि मग व्हाइसरॉय, राजेरजवाडे, सेनाधिकारी यांची रीघ लागली. ज्या पाण्यात आज आपण तलवार बदके आणि थापटे मोजतो, ते पाणी त्यांना मारण्यासाठी साठवलेले होते.

पक्षी ओळखण्याची विद्याही बरीचशी शिकारीच्या अंगणातच वाढली. सालिम अलींची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. ती कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेशी त्यांचे आयुष्य जोडले गेले. साठच्या दशकात सोसायटीने भरतपुरात स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे मोठे काम केले. पक्षी इजा न होता धरायचे कसब पुस्तकी लोकांकडे नव्हते. ते होते बिहारच्या मीरशिकार समाजाकडे, पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणाऱ्यांकडे. त्यांच्यातले अली हुसेन सोसायटीच्या कामात इतके मुरले की पुढे अनेक संशोधक त्यांच्याकडून पक्षी धरायला शिकले. दगडी पाट्यांवर अशा माणसांना जागा नाही. पक्षी उठवणारे, मेलेले पक्षी पाण्यातून गोळा करणारे, नावा वल्हवणारे, यांतला एकही तिथे नोंदलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीला द्यावे, अशी मागणी जोर धरू लागली. भोवतालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती रास्तच होती; राजाच्या चैनीसाठी अडवलेले पाणी त्याला का मिळू नये? सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत आपले वजन खर्च केले आणि तळी वाचली. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला. १९८१ मध्ये चिलीका सरोवराबरोबर भरतपूर रामसर यादीत गेले. भारतातली ही पहिली दोन स्थळे. त्याच सुमारास ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा.

कागदावर ही चढती कमान आहे. पण उद्यान झाले म्हणजे कायद्याने चराई बंद झाली. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलाला दोन मीटर उंचीची भिंत आहे. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरत होत्या, बायका गवत आणि सरपण आणत होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांनी बंदीला विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. संस्थानाच्या काळात या जंगलात बंदुका पक्ष्यांवर रोखल्या जात. लोकशाहीत, पक्ष्यांच्या नावाने, त्या शेजाऱ्यांवर रोखल्या गेल्या. या वाक्याशी मला दरवेळी थांबावे लागते, कारण पक्षी पाहायला जाणारा मीही त्या भिंतीच्या आतल्या बाजूचाच माणूस आहे.

पुढचे उत्तर विज्ञानाने दिले. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात तिथे जवळजवळ दहा वर्षे अभ्यास केला. म्हशी गेल्यावर पाण्यात पास्पालम नावाचे गवत बेसुमार वाढले. उघडे पाणी झाकले गेले, मासे कमी झाले, बदकांना उतरायला जागा उरेना. म्हैस गवत खात होती, चिखल तुडवत होती, पाणी मोकळे ठेवत होती. म्हणजे राजाचे बांध आणि गावाच्या म्हशी, दोघांनी मिळून ते तळे सांभाळले होते. अभ्यासातून चराईला मर्यादित जागा देण्याचा विचार पुढे आला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायला परवानगी मिळाली. मेलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

भरतपूरचा सर्वांत मानाचा पाहुणा होता सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, तांबड्या चेहऱ्याचा. युरोपीय शास्त्राने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले, पण त्याच्या दीडशे वर्षे आधी जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले होते. साठच्या दशकाच्या मध्याला घन्यात सुमारे दोनशे क्रौंच उतरत. ते पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येत, आणि त्या वाटेवर त्यांची शिकार होई. संख्या घटत गेली. २००२ च्या हिवाळ्यानंतर ते आलेले नाहीत. भरतपूरची भिंत दोन मीटर उंच होती. क्रौंचाची वाट हजारो किलोमीटरची. जो पक्षी इतक्या देशांचा आहे, तो एका कुंपणात वाचत नाही.

भिंतीबाहेरचा हाच प्रश्न पाण्यातही आहे. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले, आणि दुष्काळाच्या वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला. तळी कोरडी पडली. नंतर गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या पाण्यातून सोय करावी लागली. जिवंत पाणथळ आता नळावर जगते, आणि नळ कोणाच्या तरी शेताशेजारूनच जातो.

उद्यानात आज सायकलरिक्षा चालवणारे स्थानिक लोक पर्यटकांना पक्ष्यांची नावे सांगतात. त्यांतल्या अनेकांना ते रीतसर शिकवले गेले आहे. चित्रबलाकांची घरटी कुठल्या बाभळीवर आहेत, हे त्यांना आधी कळते. ज्या घरांना घना बंद केला होता, त्याच गावांतली काही माणसे आता त्याचे राखणदार आहेत. संवर्धनाची खरी सुरुवात इथून होते, असे मला वाटते. ती १९८२ च्या आधी झाली असती, तर काही घरांत माणसे जास्त असती आणि तळ्यात बदकेही.