सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’ : कीर्ती कशाच्या बळावर?

१/ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर मानले जाते आणि तेथील ‘ओल्ड कोर्स’ हे या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध मैदान. सर्वांत जुने मैदान, नियमांचे उगमस्थान आणि रचनेचा आदर्श, अशा तीन दाव्यांवर ही कीर्ती उभी आहे. हे दावे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात?

२/ पहिला दावा प्राचीनत्वाचा. तिरंदाजीच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फ व फुटबॉलवर बंदी घातली. अर्थात, तोवर हा खेळ देशात चांगलाच रुजला होता. सेंट अँड्र्यूजमधील गोल्फचा उल्लेख १५५२ च्या सनदेत येतो. पुरावा भक्कम आहे. मात्र त्यावरून खेळाचा जन्म इथेच झाला, असे सिद्ध होत नाही.

३/ दुसरा दावा अधिक कच्चा आहे. गोल्फचे सर्वांत जुने ज्ञात लिखित नियम १७४४ चे. ते एडिंबराजवळील लीथ येथे तयार झाले आणि त्यांची संख्या होती १३. सेंट अँड्र्यूजची गोल्फ मंडळी १७५४ साली स्थापन झाली; तिने जवळजवळ तेच नियम उचलले. पहिली ‘ओपन’ स्पर्धाही १८६० साली प्रेस्टविक येथे झाली. सेंट अँड्र्यूजला तो मान मिळाला १८७३ साली.

४/ एक श्रेय मात्र निर्विवाद आहे : १८ होलचा डाव. पूर्वी येथे जाताना ११ आणि त्याच वाटेने परतताना ११, असे २२ होल खेळले जात. १७६४ साली आरंभीचे चार होल जोडून दोन करण्यात आले आणि बेरीज १८ वर आली. कोणत्याही सिद्धान्ताविना, केवळ स्थानिक सोयीने ठरलेला हा आकडा पुढे जगभराचा दंडक झाला.

५/ तिसरा दावा रचनेचा. या मैदानाचा कोणी एक रचनाकार नाही. समुद्र, वारा आणि वाळू यांनी त्याचा मूळ आकार घडवला. पुढे खेळणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा ग्रीन रुंद करून एकेका ग्रीनवर दोन होल ठेवण्यात आले. अशी सात जोडग्रीन आजही आहेत आणि प्रत्येकावरील दोन होलच्या क्रमांकांची बेरीज १८ भरते. ओल्ड टॉम मॉरिससारख्या मैदानपालांचे कष्टही त्यात आहेत. ‘निव्वळ निसर्गनिर्मित’ हे वर्णन म्हणून अर्धेच खरे.

६/ हे मैदान प्रथमदर्शनी सर्वांनाच आवडते असेही नाही. १९२१ च्या ‘ओपन’मध्ये तरुण बॉबी जोन्सने अकराव्या होलवर वैतागून डाव अर्ध्यावर सोडला. १९२७ साली त्याच मैदानावर तो विजेता ठरला आणि १९५८ साली गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. वाऱ्याची दिशा पालटली की येथील खेळाची गणिते पालटतात. ती उमगायला त्यालाही वेळ लागला.

७/ या मैदानाचे खरे वेगळेपण त्या १५५२ च्या सनदेत सापडते. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या वालुकामय माळावर ससे पाळण्याची मुभा हवी होती. ती देताना येथे गोल्फ, फुटबॉल व नेमबाजी करण्याचे गावकऱ्यांचे हक्क लेखी मान्य करण्यात आले. आपल्याकडील गायरानासारखीच ही जमीन साऱ्या गावाची होती.

८/ हा हक्क पुढे पणाला लागला. कर्जबाजारी नगरपरिषदेने १७९७ साली हा माळ विकला. काही काळातच तो डेम्पस्टर या व्यापारी घराण्याकडे गेला आणि तेथे व्यापारासाठी ससे पाळले जाऊ लागले. बिळांनी मैदान पोखरले, गोल्फ खेळणारे चवताळले आणि वाद न्यायालयात पोहोचला. अखेर १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने हा माळ विकत घेतला, म्हणून मैदान वाचले.

९/ १८९४ च्या कायद्याने ही जमीन पुन्हा गावाकडे आली. १९७४ पासून तिचा कारभार एक सार्वजनिक न्यास पाहतो. मैदानालगत दिमाखात उभ्या असलेल्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची त्यावर मालकी नाही. स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय घ्यायला त्या क्लबला २०१४ साल उजाडावे लागले; मैदानाची सार्वजनिकता आणि क्लबची सोवळी परंपरा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१०/ तेव्हा, कीर्ती रास्त आहे का? आहे, पण ती सांगितली जाते त्या कारणांसाठी नव्हे. जन्मस्थानाचा दावा सिद्ध होत नाही आणि नियमांचा मान लीथचा आहे. धनिकांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे सर्वांत प्रतिष्ठित मैदान सार्वजनिक राहिले, हे मात्र विरळा आहे. बाहेरून येणाऱ्याला आज येथे खेळण्यासाठी भरभक्कम शुल्क मोजावे लागते, हेही खरे. तरी एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि त्या दिवशी याच हिरवळीवर गावकरी आपली कुत्री घेऊन फिरायला येतात.