तांडा : फिरत्या कुटुंबजीवनाचा इतिहास (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

घर म्हणजे एका जागी उभी असलेली वास्तू, ही कल्पना कृषिसंस्कृतीत इतकी रुजलेली आहे की, ज्यांचे घरच चालते होते अशा समाजांचा विचार इतिहासलेखनात बहुधा अपवाद म्हणूनच केला गेला. बंजारा समाजाचा तांडा हे याचे ठळक उदाहरण होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव व उमरखेड या परिसरात आज शेकडो तांडे स्थिर वस्तीच्या रूपात आढळतात. या वस्त्यांना मिळालेले ‘तांडा’ हे नावच त्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाची खूण आहे. मूळ अर्थाने तांडा म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून कुटुंबकबिल्यासह वाटचाल करणारा समूह. या फिरत्या कुटुंबव्यवस्थेचे स्वरूप, तिच्या ऱ्हासाची कारणे आणि तिच्यासंबंधीच्या साधनांची मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लदेणीचा व्यवसाय

बैलांच्या पाठीवरून मालाची ने-आण करण्याच्या या व्यवसायास लदेणी म्हणतात. धान्य, मीठ, डाळी यांसारख्या जड व तुलनेने स्वस्त वस्तू दूरवर पोहोचविणे हे त्याचे मुख्य कार्य. सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी हे दृश्य पाहिले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा आढळला. दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक वाटचाल हे लोक करीत नसत, असे त्याने नमूद केले आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले असून, हे लोक घरात राहत नाहीत, बायकामुले बरोबर घेऊन फिरतात, असे आवर्जून सांगितले आहे. एकेका कुटुंबाकडे शंभराच्या आसपास बैल असत. असा तांडा वाटेत आडवा आला, तर इतर प्रवाशांना तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन दिवसही थांबावे लागे.

इतकी मंद गती हा दोष वाटेल. परंतु तिच्यातच या व्यवसायाचे अर्थशास्त्र दडलेले होते. बैल वाटेवरच्या मोकळ्या गवतावर चरत पुढे जात असल्याने त्यांच्या चाऱ्याचा खर्च जवळजवळ नसे. गाडीला लागणारी सडकही त्यांना आवश्यक नव्हती. नदीचा उतार, घाट, जंगलातील पायवाट यांतून ते सहज जात. सारे कुटुंबच कामात असल्याने मजुरीचा प्रश्न उद्भवत नसे. अर्थात मोकळी चराई, खुली वाट आणि कुटुंबाचे श्रम या तीन आधारांवर लदेणी उभी होती. पुढे यांपैकी पहिले दोन आधार निखळले, तेव्हा तिसरा एकटा पुरा पडू शकला नाही.

लष्करांना धान्य पुरविण्याचे कामही बंजाऱ्यांकडे असे. मोगल फौजांबरोबर भंगी व जंगी या नाईकांचे बैल दक्षिणेत आले आणि त्यांना पाणी व गवत यांबाबत विशेष सवलती देणारा ताम्रपट मिळाला, अशी परंपरा समाजात जपली गेली आहे. तिचा तपशील दंतकथेच्या स्वरूपाचा असला, तरी तांड्याला पाणी व गवत यांचा हक्क किती मोलाचा वाटत होता, हे तिच्यावरून स्पष्ट होते. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्ली यानेही बंजाऱ्यांच्या धान्यपुरवठ्यावर भिस्त ठेवली होती. त्या युद्धाचा शेवट वऱ्हाडातच, अडगाव व गाविलगड येथे झाला.

तांड्याची अंतर्गत रचना

तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक. मार्ग, मुक्काम व व्यवहार यांचा निर्णय त्याच्या हाती असे. त्याच्या साहाय्यास कारभारी असे व तंटे नसाब म्हणजे पंचायतीपुढे सोडविले जात. वाटचाल पावसाळ्यानंतर सुरू होई. पावसात बैलांचे पाय चिखलात रुतत आणि धान्य व मीठ भिजण्याची भीती असे. म्हणून चार महिने गवत-पाण्याची सोय पाहून तळ पडे.

मुक्कामाच्या जागी गोण्यांची थप्पी रचून भिंत उभी केली जाई आणि तिच्यावर कापड ताणून निवारा तयार होई. म्हणजे जो माल विकावयाचा, तोच रात्रीपुरता घराची भिंत बने. पहाटे भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर चढे. राखणीस कुत्री असत. स्त्रियांचा वाटा केवळ चूल सांभाळण्यापुरता नव्हता. बैल लादणे-उतरविणे, गुरे वळणे, दळणकांडण आणि पोरेबाळे यांसह त्या संपूर्ण वाट चालत. त्यांच्या फेटिया-कांचळीवरील आरसेकाम व अंगावरील जड दागिने यांकडे हौस म्हणून पाहिले जाते. परंतु ज्यांना जमीन नाही व पेटारा ठेवण्यास घर नाही, त्यांची संपत्ती अंगावरच वाहून नेता येते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

‘हटाडिया’ नावाच्या बैलाची नोंद या दृष्टीने लक्षणीय आहे. देवाच्या नावे सोडलेल्या या बैलावर कधीही ओझे लादले जात नसे. रेशमी गोंडे व घुंगरे यांनी सजविलेला हा बैल तांड्याच्या अग्रभागी चाले आणि तो थकून जेथे बसे, तेथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. यात श्रद्धा आहे, तसा व्यवहारही आहे. ओझे नसलेला बैल थकला म्हणजे ओझ्याचे बैल त्याहून अधिक थकलेले असणारच. त्यांना आणखी चालविणे हे भांडवल गमावणे ठरले असते.

ऱ्हास आणि स्थिरीकरण

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि धामणगाव हे यवतमाळला जवळचे स्थानक ठरले. सडका झाल्या, बैलगाड्या वाढल्या. फौजांच्या हालचाली संपल्याने लष्करी पुरवठाही थांबला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत चराईवर निर्बंध आले. केवळ रेल्वेने लदेणी संपविली असे सर्रास म्हटले जाते. परंतु लोहमार्गापासून दूर असलेल्या पुसदसारख्या डोंगराळ भागातही ती टिकली नाही, यावरून चराई व जंगल यांवरील बंधनांचा विचार तितकाच आवश्यक ठरतो.

याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडी कापसास मोठी मागणी आली व पडीत जमिनी लागवडीखाली येऊ लागल्या. अनेक नाईकांनी जमिनी घेऊन तांडे वसविले. पुसद तालुक्यातील गहुली हे त्याचे परिचित उदाहरण. तेथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. फिरत्या समूहापासून शेतीनिष्ठ नेतृत्वापर्यंतचा हा प्रवास दोन-तीन पिढ्यांतच घडला. परंतु सर्वांनाच जमीन मिळाली नाही. ज्यांचे बैल गेले व जमीनही हाती आली नाही, त्यांच्यापुढे मजुरीखेरीज पर्याय उरला नाही.

साधनांची मर्यादा

फिरत्या तांड्याविषयी वऱ्हाडातील विस्तृत लेखन कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याने केले. ते १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झाले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातील बंजारा प्रकरण मुख्यतः त्यावर, कर्नल मॅकेन्झी यांच्या टिपणांवर आणि गुन्हेगार जमातींविषयीच्या लेखनावर आधारलेले आहे. म्हणजेच व्यवसाय मोडत असताना, संशयाच्या नजरेने केलेल्या नोंदी या आपल्या माहितीचा पाया आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणालाच गुन्ह्याचे लक्षण मानले. काही प्रांतांत बंजाऱ्यांचे गटही त्याखाली आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्या वाटचालीवर पूर्वी फौजा व बाजारपेठा अवलंबून होत्या, तीच वाटचाल पुढे संशयास्पद ठरली. समाज तोच होता. राज्यसंस्थेची गरज तेवढी बदलली होती. म्हणून या नोंदींतील वस्तुनिष्ठ वर्णन आणि त्यांतील निवाडा यांची फारकत करूनच त्यांचा उपयोग करणे इष्ट आहे. गोरबोलीतील मौखिक परंपरा आणि तांड्यांतील वृद्धांच्या आठवणी ही त्यासाठी आवश्यक अशी पूरक साधने होत.

समारोप

स्थिर होणे म्हणजे प्रगत होणे, हे समीकरण तांड्याच्या इतिहासास पूर्णतः लागू पडत नाही. शाळा, शेती व राजकीय प्रतिनिधित्व हे स्थिरीकरणाचे निश्चित लाभ आहेत. मात्र अनेक तांडे महसुली गावापासून वेगळे वसल्याने गावठाण व मूलभूत सोयी यांचा प्रश्न त्यांना दीर्घकाळ भेडसावत राहिला. विदर्भ-मराठवाड्यातील कितीतरी बंजारा कुटुंबे ऊसतोडीसाठी मुलाबाळांसह घराबाहेर पडतात आणि हंगामभर कोपीत राहतात. बाह्यतः हे दृश्य जुन्या तांड्यासारखे भासते. परंतु दोहोंतील अंतर मूलभूत आहे. लदेणीच्या तांड्यात बैल, माल आणि मार्ग यांचा निर्णय कुटुंबाचा व नाईकाचा होता. ऊसतोडीत तो मुकादमाच्या उचलीने ठरतो. तांड्याच्या इतिहासात कुटुंब स्थिर होते की फिरते, हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपल्या चालण्यावर त्याचा स्वतःचा अधिकार किती होता, हा निकष अधिक उपयुक्त आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास या निकषावर झाल्यास गावगाड्याबाहेर राहिलेल्या एका मोठ्या समूहास त्या इतिहासात त्याचे उचित स्थान मिळेल.