वाढीव मिनिटांची कुळकथा

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग घरी बघायचे ठरले, की आधी एक वाद मिटवावा लागतो. थिएटरात लागलेली आवृत्ती लावायची, की एक्स्टेंडेड? पहिलीला सव्वानऊ तास लागतात, दुसरीला साडेअकराच्या आसपास. लांब ती अस्सल, तोच दिग्दर्शकाच्या मनातला सिनेमा, असं समजून बहुतेक जण दुसरीवर बोट ठेवतात. पण या लांब आवृत्तीचं कूळ शोधायला निघालं, तर तिच्या पूर्वजांत दिग्दर्शकांइतकेच हिशेबनीस भेटतात.

तिचा जन्म अमेरिकन टीव्हीवरचा. थिएटरवाल्याला सिनेमा आटोपशीर हवा असतो, कारण तासभर वाढला की दिवसाचा एक खेळ जातो. टीव्हीचं गणित नेमकं उलटं. दोन-चार रात्री पुरेल असा मोठा सिनेमा हाती लागला, की तेवढ्या रात्रींच्या जाहिराती विकता येतात. १९७७ साली एनबीसीने ‘गॉडफादर’चे दोन्ही भाग कालक्रमाने जोडून, न वापरलेले प्रसंग त्यात घालून चार रात्री दाखवले. तेव्हा दिग्दर्शक कपोलाला ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी पैशांची निकड होती. ‘सुपरमॅन’ची गोष्ट तर आणखी उघडी. थिएटरात १४३ मिनिटांचा असलेला हा सिनेमा १९८२ मध्ये एबीसीवर तीन तासांच्या वर गेला. निर्माते साल्काइंड यांना मोबदला मिनिटांच्या हिशेबाने मिळणार होता, म्हणून बाजूला पडलेले तुकडे वेचून वेचून परत जोडले गेले. डेव्हिड लिंचच्या ‘ड्यून’ला १९८८ मध्ये टीव्हीसाठी असंच ताणलं, तेव्हा लिंचने त्यावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. त्या जागी ॲलन स्मिथी हे नाव आलं. आपलं नाव नको असलेल्या दिग्दर्शकांसाठी हॉलिवूडने राखून ठेवलेलं हे खोटं नाव.

थोडक्यात, पहिल्या पिढीतली वाढीव मिनिटं बरीचशी भरताड होती.

कुळाला प्रतिष्ठा आली ती लॉस एंजेलिसच्या ‘झी चॅनल’ या छोट्या केबल वाहिनीमुळे (आपल्या ‘झी’शी तिचा काही संबंध नाही). मायकल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लागला आणि समीक्षकांनी असा झोडपला, की स्टुडिओने तो आठवड्याभरात उतरवला. पुढे १४९ मिनिटांवर आणून पुन्हा लावला, तरी पडलाच. वाहिनीचे कार्यक्रम ठरवणारे जेरी हार्वे यांनी १९८२ च्या डिसेंबरात जुनी २१९ मिनिटांची प्रत मिळवून दाखवली. शहरातले सिनेमावाले ही वाहिनी आवर्जून बघत. आपटलेल्या सिनेमाची दुसरी, बरी बाजू असू शकते, हे त्यांनी घरबसल्या पाहिलं. ‘डायरेक्टर्स कट’ला, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाजोगत्या आवृत्तीला, जो मान पुढे मिळाला, त्याची एक मोठी पायरी ही.

मग लेझरडिस्क आली. बारा इंची तबकडी, एका बाजूला साधारण तासभर चित्र, आणि किंमत अशी की वेडा रसिकच घेईल. अशा गिऱ्हाइकाला साध्या आवृत्तीत समाधान नव्हतं. जेम्स कॅमेरॉनचा ‘एलियन्स’ थिएटरात १३७ मिनिटांचा होता, १९९१ च्या लेझरडिस्कवर तो १५४ झाला. नायिका रिप्ली ५७ वर्षं अंतराळात झोपून राहिली, तेवढ्यात तिची मुलगी म्हातारी होऊन वारली, हा प्रसंग त्यात परत आला. न्यूट या अनाथ मुलीवर ती इतका जीव का टाकते, ते त्या एका प्रसंगाने कळतं. पण त्याच आवृत्तीत संकट येण्याआधीची वसाहतही दाखवली आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत जी धाकधूक वाटायला हवी ती पातळ होते. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

डीव्हीडीने हा शौक स्वस्त केला. समान दृश्यं एकदाच साठवून, वेगळी तेवढी मधेमधे जोडून दाखवण्याची युक्तीही आली, त्यामुळे दोन आवृत्त्या एकाच तबकडीवर मावू लागल्या. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दिग्दर्शक पीटर जॅक्सन याने २००२ पासून याच माध्यमात एक्स्टेंडेड आवृत्तीला सणाचं रूप दिलं. पहिला भाग १७८ मिनिटांवरून २०८ वर गेला, तिसरा २०१ वरून २५१ वर. हॉवर्ड शोरने वाढीव दृश्यांसाठी नवं संगीत लिहिलं. ही मिनिटं गोदामातून उचललेली नव्हती, हा मोठाच फरक. तिसऱ्या भागातून जादूगार सारुमानचा शेवट उडवल्याने ती भूमिका करणारे क्रिस्टोफर ली दुखावले होते, तो प्रसंगही इथे परतला. तरीही जॅक्सन थिएटरच्या आवृत्तीलाच प्रमाण मानत आला.

आपल्याकडे कात्री अनेकदा सेन्सॉरच्या हातात असते, म्हणून हिशेब बदलतो. ‘शोले’त ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता. आणीबाणीच्या दिवसांत तो बदलून पोलिस आणावे लागले. सचिन पिळगावकरांच्या अहमदचा मृत्यूही पडद्याआड गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली मूळ शेवटाची प्रत २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली. याला वाढीव म्हणणं चुकीचं, ही परतफेड आहे.

तेव्हा लांबी बघून निवडू नका, ती मिनिटं कोणी मागितली ते बघा. ‘किंग्डम ऑफ हेवन’ची लांबच घ्या. थिएटरच्या आवृत्तीत राणी सिबिलाचा मुलगा अख्खा गाळला आहे आणि त्याच्याविना तिचं वागणं उमगत नाही. त्याच रिडली स्कॉटच्या ‘एलियन’चा २००३ चा ‘डायरेक्टर्स कट’ मात्र खुशाल सोडा. तो मूळपेक्षा मिनिटभर लहानच आहे, आणि १९७९ चा सिनेमाच आपल्या मनासारखा होता असं स्कॉटनेच सांगितलंय. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिल्यांदा बघणाऱ्याला थिएटरची आवृत्ती दाखवावी. एक्स्टेंडेड आहे ती त्यातल्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगाच्या प्रेमात पडून चुकलेल्यांसाठी, आणि तीही दर शनिवारी एकच भाग.