एचपीतला घोडा आणि पिपातले उंदीर

विहिरीवर मोटर बसवायची म्हटली की पहिला प्रश्न, "किती एचपीची?" एचपी म्हणजे अश्वशक्ती. जेम्स वॅटला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाईक होतं घोड्यांवर कारखाना चालवणारं. त्याला कळेल असं माप हवं, म्हणून वॅटने हिशेब मांडला : एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम. म्हणजे यंत्राला जनावराच्या मापात बसवलं ते एकट्या कवींनी नव्हे, विकणाऱ्यानेही.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट नावाच्या छोट्या गावात रेल्वे पोचली. ती यावी म्हणून धडपडणाऱ्यांत वकील एडवर्ड डिकिन्सन पुढे होते. त्यांची मुलगी एमिली. पुढे तिने रेल्वेवर कविता लिहिली. 'घोडा' हा शब्द तिच्यात एकदाही नाही, पण गाडी टाकीवर पोट भरते, खिंकाळते आणि शेवटी गुमान तबेल्याशी येऊन थांबते. माणसाळलेलं जनावर! बापानेच गाडी गावात आणलेली, मग भीती कशाला वाटेल? तरी एवढं ताकदवान जनावर इतकं गरीब कसं, ही शंका ती मनात सोडतेच.

१८५४ मध्ये डिकन्सची 'हार्ड टाइम्स' आली. तो कादंबरीकार, पण इथे नजर कवीचीच. प्रेस्टनच्या गिरण्यांतला संघर्ष तो स्वतः पाहून आला होता. त्याला धुरात साप दिसतात, आणि दिवसभर वरखाली होणारा इंजिनाचा दांडा खिन्न, वेडावलेल्या हत्तीचं डोकं वाटतो. महत्त्वाचं म्हणजे तो हत्तीवर थांबत नाही. गिरणीमालक बाउंडरबीला नावानिशी समोर उभा करतो.

आपल्याकडे मर्ढेकरांनी सगळं उलटं केलं. १९४७ च्या 'काही कविता'मधली उंदरांची कविता आठवा. तिथे यंत्राला जनावर केलेलं नाही. जनावर झालाय माणूस, तोही पिपात मेलेला उंदीर. अनेकांना ती नुसती किळसवाणी वाटली. मला ती मराठीतली यंत्रयुगाबद्दलची सगळ्यात खरी कविता वाटते. घोड्याला निदान मालक असतो, दाणापाणी असतं. उंदरांची मोजदाद कोण ठेवतो?

हे आज का लिहितोय? मथळे वाचा. "महामार्गाने जमिनी गिळल्या", "यंत्राने रोजगार खाल्ला". मंडळी, रस्ता काही गिळत नाही. भूसंपादनाच्या कागदावर सही असते, खाली हुद्दा असतो. कामगार कमी करायचा निर्णय कुठल्यातरी बैठकीत होतो. अजगर म्हटलं की बातमी चटकदार होते आणि सही करणारा आरामात सुटतो. डिकन्सने हत्तीही दाखवला आणि माहूतही. आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत जे जे 'गिळलं' गेलं, त्यातल्या किती प्रकरणांत माहुताचं नाव छापून आलं? आठवत असेल तर खाली लिहा.