पंगतीतला पहिला धडा

परवा शनिवारी रात्री तळेगाव दाभाड्याला स्टेशनजवळच्या एका मेसमध्ये जेवत होतो. शेजारच्या टेबलावर इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं. एक सीनियर नव्या मुलाला मॅनर्स शिकवत होता: सगळे आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, ताटात टाकायचं नाही, पाण्याचा जग आधी दुसऱ्याला द्यायचा. ऐकून बरं वाटलं. मग त्याने विचारलं, "नाव कळलं रे, आडनाव काय?" आणि घास जरा अडकलाच.

अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी असतात. नव्या मेंबरला जेवणाच्या टेबलापासून पाहुण्यांशी बोलण्यापर्यंत सगळं तिथे शिकवतात. आपल्याकडे हे काम बोर्डिंगांनी केलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी वसतिगृहं उभी राहिली. एकत्र पंगत समाजाला मान्य नव्हती, पण पोरं शिकायला तर हवी होती! म्हणून हा व्यवहारी मार्ग. मात्र शिस्तीबरोबर जातीचे रिवाजही बोर्डिंगात आले.

तिथल्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, त्या समारंभाला हा गेला. परत आल्यावर नियम असा की आधी आंघोळ, मग जेवण. याने आंघोळ करायला साफ नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. म्हणजे तिथल्या भाषेत तो बेशिस्त!

याच बेशिस्त मुलाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू केलं. मुलं स्वतः राबायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

काटा-चमचा काय, आठवड्यात जमतो. शेजारी कोण बसलंय हे न विचारता त्याला भाकरी वाढणं, हा धडा जास्त अवघड. तळेगावच्या त्या सीनियरने बाकी सगळं बरोबर शिकवलं, फक्त हाच राहिला.

असो. तुमच्या हॉस्टेलात पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, आठवतंय?