एकटी जाऊ का?

गेल्या महिन्यात आमच्या गाडीने दगा दिला. वार्षिक तपासणीत नापास झाली आणि गॅरेजवाला म्हणाला, पार्ट यायला आठवडा लागेल. बायकोचं ऑफिस लंडनला, ती पहाटेच ट्रेन पकडते. त्यामुळे लेकीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे, आणि तेही चालत. आम्ही राहतो रेडिंगला. घरापासून शाळा सव्वा किलोमीटर. (हो, सव्वाच. आणि हे अंतर आम्ही दोन वर्षं रोज गाडीने कापत होतो. हसू नका.)

पहिल्या दिवशी घड्याळ लावून बघितलं. इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. चालत १९ मिनिटं. गाडीने १७, आणि त्यातली निम्मी शाळेच्या आसपास जागा शोधत गोल गोल फिरण्यात. म्हणजे दोन वर्षं आम्ही रोजची दोन मिनिटं वाचवत होतो आणि वर शिव्या घालत होतो, "काय ही गर्दी!" गर्दी कोणाची? आमचीच.

गाडी परत आली तरी चालणं चालूच राहिलं. मग एक दिवस लेकीने विचारलं, "बाबा, मी एकटी जाऊ का?" ती सात वर्षांची आहे. माझ्या तोंडून "नाही" इतक्या पटकन निघालं की मलाच आश्चर्य वाटलं.

"का पण?"

"गाड्या असतात ना."

"पण त्या गाड्या तर मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईबाबांच्याच असतात!"

आता यावर काय बोलणार? रविवारी आईला पुण्याला फोन केला तेव्हा हे सांगितलं. ती म्हणाली, "तुला कोण सोडायला येत होतं रे? दुसरीत असल्यापासून वाड्यातल्या पोरांबरोबर जायचास." खरंच की. सदाशिव पेठेतून टिळक रोड ओलांडून आम्ही पाच-सहा जण जायचो. सगळ्यात मोठा दादा पाचवीतला, म्हणजे आमचा गाइड, पोलीस आणि न्यायाधीश तोच.

मला वाटत होतं हा भारत-इंग्लंड असा फरक असणार. जरा वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की नाही, फरक देशाचा नाही, सालाचा आहे.

मेयर हिलमन नावाचे इथले एक संशोधक. त्यांनी १९७१ साली इंग्लंडमधल्या काही शाळांतल्या मुलांना साधे प्रश्न विचारले होते: शाळेत एकटे जाता का, रस्ता एकटे ओलांडता का, सायकल रस्त्यावर चालवू देतात का. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तेच प्रश्न त्याच भागांतल्या शाळांमधे विचारले. १९७१ मधे सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मधे ९ टक्के. ऐंशीवरून नऊ! मधे फक्त १९ वर्षं. म्हणजे जी मुलं १९७१ मधे एकटी जात होती, तीच मोठी होऊन आपल्या मुलांना "नाही" म्हणायला लागली. सायकलींचंही तेच. १९९० मधे जवळजवळ सगळ्याच मुलांकडे सायकल होती, पण ती रस्त्यावर न्यायची परवानगी सायकलवाल्यांपैकी चौथ्या हिश्श्यालाच. आधी ती दोन तृतीयांशांना होती.

पण या अहवालातली खरी गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) पुढे आहे. त्याच १९ वर्षांत ब्रिटनमधली वाहनांची वर्दळ जवळपास दुप्पट झाली आणि रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून कमी झाली. सरकार म्हणत होतं, बघा, रस्ते किती सुरक्षित झाले. हिलमन म्हणाले, रस्ते सुरक्षित झाले नाहीत, ते इतके धोक्याचे झाले की पालकांनी मुलांना तिथून उचलून घरात नेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लॉगिन करणंच लोकांनी सोडून दिलं आणि मॅनेजर खुशीत ईमेल पाठवतोय की या तिमाहीत एरर निम्म्यावर आल्या! अहवालाचं नाव 'वन फॉल्स मूव्ह'. ते त्यांनी सरकारच्याच एका रस्ता-सुरक्षा पोस्टरवरून उचललं. फूटपाथच्या कडेला उभं मूल, आणि एक पाऊल चुकलं तर मेलास, अशी तंबी. तंबी कोणाला, तर मुलाला.

ही तंबी देण्याची परंपरा इथे जुनी आहे. १९५३ पासून मुलांना रस्त्याचे नियम शिकवायला टफ्टी नावाची एक खार होती. पुढे तिचा क्लब निघाला, लाखो मुलं त्याची सभासद. टफ्टीच्या एका फिल्ममधे त्याचा मित्र विली आईला न घेता एकटाच आईस्क्रीमच्या गाडीकडे जातो आणि मोटारीची धडक बसते. टफ्टी शहाणा, तो आईला बरोबर घेऊन जातो. मोटार चालवणारा कोण, किती वेगात होता, त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मग १९७५ पासून टीव्हीवर 'ग्रीन क्रॉस मॅन' आला, हिरवा-पांढरा पोशाख घातलेला साडेसहा फुटी सुपरहिरो. हे काम करणारा डेव्हिड प्राऊझ पुढे दोनच वर्षांत स्टार वॉर्समधे डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात होता. म्हणजे एका पिढीला रस्ता ओलांडायला शिकवलं ते डार्थ व्हेडरने :-)

या सगळ्याने काही जीव वाचले असतील, नक्कीच. मुलांना रस्ता ओलांडायला शिकवू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः रोज शिकवतो. पण प्रत्येक बग 'युजरची चूक' म्हणून बंद करत गेलं की प्रोग्रॅम कोणी दुरुस्त करत नाही.

अमेरिकेत हा वाद त्याच्याही पन्नास वर्षं आधी होऊन गेला होता. १९२३ साली सिनसिनाटी शहरातल्या ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांवर अडकवणारं यंत्र बसवा. मोटारविक्रेत्यांनी एकत्र येऊन जोरदार प्रचार केला आणि मतदानात मागणी पडली. तिथून पुढे रस्त्यात चालणारा हाच वेंधळा ठरत गेला.

याच वळणावर एक देश मात्र दुसरीकडे वळला. नेदरलँड्स. १९७१ साली तिथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक मुलं. एवढ्याशा देशात! त्यातली एक सहा वर्षांची मुलगी होती व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची. १९७२ मधे त्याने आपल्या 'दे टाइड' या दैनिकात लेख लिहिला, त्याचा मथळा होता 'बालहत्या थांबवा'. अपघात नाही, हत्या. त्या एका शब्दाने सगळा प्रश्न उलटा केला. याच नावाने संघटना उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले, रस्ते अडवून मुलांना खेळायला मोकळे करून दिले. त्यांना शहाण्या खारी नको होत्या, त्यांना गाड्यांचा वेग कमी करून हवा होता. १९७३ चं तेलसंकट मदतीला आलं, काही रविवार मोटारीच बंद होत्या आणि लोकांनी हमरस्त्यावर चालून पाहिलं. डेल्फ्टसारख्या गावात अशा गल्ल्या झाल्या जिथे मोटारीने माणसाच्या चालीने जायचं, आणि १९७६ मधे त्यांना कायद्याने मान्यता मिळाली. पुढे असंही ठरलं की १४ वर्षांखालच्या मुलाला धडक बसली तर भरपाई जवळजवळ नेहमी मोटारवाल्यानेच द्यायची, मूल धावत मधे आलं असलं तरी. मूल आहे, ते धावणारच, हे धरूनच गाडी चालवायची. २०१० मधे तिथे रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या होती १४. आणि हे मुलांना घरात न कोंडता.

इंग्लंडचं काय झालं? हिलमन यांचा अभ्यास २०१० मधे तिसऱ्यांदा झाला. शाळेतून एकट्याने घरी येणारी प्राथमिकची मुलं १९७१ मधे ८६ टक्के होती, १९९० मधे ३५, आता २५. जर्मनीत त्याच वर्षी ७६. अलीकडे लंडनमधल्या बऱ्याच शाळांसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी मोटारींना बंद असतो. आमच्या शाळेसमोर नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या लोकांनी फार चांगली करून ठेवली आहे, लॉलीपॉप लेडी. १९५३ च्या कायद्याने त्यांना अधिकार दिला की हातातली गोल पाटी पुढे केली की मोटारीने थांबायचंच. एवढ्या इतिहासात हाच काय तो एक माणूस जो मुलाला नाही, गाडीला "थांब" म्हणतो. आमच्या नाक्यावरच्या आजींचं वय सत्तरीच्या आसपास असावं. त्या सगळ्या मुलांना नावाने ओळखतात. गाडीने जात होतो तेव्हा मी त्यांना फक्त काचेतून बघायचो, आणि सिग्नलसारखं, म्हणजे "आता हटा लवकर" अशा नजरेने.

त्यांच्या नाक्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत दीडशे मीटर आहेत, मधे ओलांडायचा रस्ता एकही नाही. शुक्रवारी मी नाक्याच्या अलीकडेच थांबलो आणि लेकीला म्हटलं, जा. आजींनी पाटी पुढे केली. एक मोठी काळी गाडी नाखुशीने थांबली, बहुधा माझ्यासारखाच कोणी बाप असावा. लेक पलीकडे गेली, वळूनही बघितलं नाही. तिचं लाल जॅकेट फाटकातून आत जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो. आजी म्हणाल्या, "ती पोचली, आता तू जा ऑफिसला."

पुण्याला अजून सांगितलेलं नाही. आई म्हणेल, "दीडशे मीटर? बस्स?"